बर्गींच्या वाटेवरील माणसे

बंगालमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या मराठी माणसाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातोच. विचारणारा बहुधा शेजारी किंवा कचेरीतील सहकारी असतो. त्याच्या मनात आकस नसतो आणि प्रश्नही हसत हसत येतो: "म्हणजे आपण बर्गींच्या देशाचे का?" आपणही हसतो आणि बोलणे दुसरीकडे वळवितो. मोठ्यांचे एवढ्यावर भागते. मुलांचे भागत नाही. घरी ती शिवचरित्रातील गोष्टी ऐकतात आणि शेजारच्या घरी तान्ह्या बाळाला निजविताना बर्गी आल्याची अंगाई ऐकतात. एकाच लोकांविषयीच्या या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या इतिहासग्रंथांत बंगालवरील स्वाऱ्यांचे प्रकरण असते. पण ते नागपूरकर भोसल्यांच्या पराक्रमाचे, चौथाईच्या हक्काचे आणि भास्करपंतांच्या दगाफटक्याने झालेल्या वधाचे प्रकरण असते. ज्यांच्या गावांवरून ती घोडी दौडत गेली त्या माणसांनी ती दहा वर्षे कशी काढली, हा भाग त्यात ओझरता येतो. या भूमीवर आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत असताना तो भाग आपल्या वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले. हा लेख सेनापतींचा नाही. नांगर, माग, चाक आणि जाळे यांवर पोट भरणाऱ्या माणसांचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'बर्गी' हा बंगाली शब्द आपल्या 'बारगीर' या शब्दावरून आला. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. फौजेतील अगदी खालच्या पायरीवरचा हा माणूस. त्याच्या नावाला बंगालमध्ये जे भयंकर अमरत्व लाभले, ते रघूजी भोसल्यांनाही लाभले नाही आणि भास्करपंतांनाही नाही.

घटनांचा क्रम थोडक्यात असा. १७४० साली अलीवर्दीखानाने सर्फराजखानाला लढाईत मारून बंगालची सुभेदारी बळकावली आणि पुढल्या वर्षी ओडिशाही जिंकला. तेथील पदच्युत सुभेदाराचा कारभारी मीर हबीब नागपूरकरांना येऊन मिळाला. पूर्वेकडील प्रांतांच्या चौथाईवर हक्क सांगणाऱ्या रघूजी भोसल्यांना हे निमित्त पुरेसे होते. त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४२ च्या एप्रिलमध्ये बर्दवानपाशी येऊन थडकले. मे महिन्यात मुर्शिदाबादेवर धाड पडून जगत्शेठांची पेढी लुटली गेली. पावसाळ्यात काटवा येथे मराठ्यांचा तळ पडला, हुगळी त्यांच्या हाती आली आणि भागीरथीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख काही महिने त्यांच्या अमलाखाली गेला. सप्टेंबरमध्ये दाईहाट येथे दुर्गापूजेचा उत्सव चालू असता अलीवर्दीने पहाटे छापा घालून त्यांना उठविले. परंतु उठविलेली फौज पुढल्या हंगामात पुन्हा येई. १७४३ मध्ये रघूजी स्वतः आले. त्यांना घालविण्यासाठी बादशहाच्या वतीने पेशवे बाळाजी बाजीराव दुसरी फौज घेऊन आले आणि एका मराठी फौजेपासून सुटका व्हावी म्हणून दुसऱ्या मराठी फौजेला बावीस लाख रुपये देण्याचे नवाबाने कबूल केले. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे तहाच्या बोलण्यास बोलावून नवाबाने भास्करपंतांना त्यांच्या सरदारांसह ठार मारविले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ मध्ये तह होऊन वार्षिक बारा लाखांची चौथाई ठरली, सुवर्णरेखा नदी ही मराठ्यांची सीमा ठरली आणि ओडिशा त्यांच्या पदरात पडला. तो १८०३ पर्यंत नागपूरकरांकडे राहिला.

राजकारणाच्या दृष्टीने ही दहा वर्षे चार ओळींत सांगता येतात. बीरभूम, बर्दवान, बांकुडा, मिदनापूर आणि हुगळी या भागांतील शेतकऱ्याला ती एकेक दिवसाने जगावी लागली.

त्यांचे जगणे कळण्यास आपल्याजवळ एक अमोल साधन आहे. गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे एक बंगाली काव्य रचले. त्याची पोथी बंगाली सन ११५८ ची, म्हणजे इसवी सन १७५१ ची आहे. नवाबाशी तह झाला त्याच वर्षी कोणीतरी ती लिहून काढली होती. मैमनसिंह जिल्ह्यात सापडलेली ही पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध झाली आणि १९६५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतरही निघाले. बर्दवानच्या राजाचे आश्रित पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांचे 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य १७४४ चे. त्यातही या स्वाऱ्यांचे वर्णन आहे. एक लोकभाषेतील कवी आणि एक राजसभेतील पंडित. दोघांची भाषा वेगळी, श्रोते वेगळे, पण साक्ष एकच.

ही साक्ष वाचताना मराठी वाचकाला मान खाली घालावी लागते. पैसा काढून देण्यासाठी माणसांचे हातपाय बांधून केलेले हाल, कापलेली नाके व कान, स्त्रियांची विटंबना, जाळलेली गावे आणि देवळे हे सारे त्यात आहे. शत्रुपक्षाची अतिशयोक्ती म्हणून हे बाजूला सारता येत नाही, कारण फारसी बखरकार आणि युरोपीय वखारींचे कागदही याच दिशेने बोट दाखवितात. चिनसुरा येथील एका डच अधिकाऱ्याने मृतांचा अंदाज चार लाख इतका केला होता. हा आकडा फुगविलेला असावा असे आजचे अभ्यासक मानतात. आकडा कमी करता येईल. दुःख त्या प्रमाणात कमी होत नाही.

परंतु गंगारामाच्या काव्याचा केवळ अत्याचारांची जंत्री म्हणून उपयोग करणे हा त्या कवीवर अन्याय होईल. त्याच्या काव्यातील सर्वांत जिवंत भाग आहे तो पळणाऱ्या गावांचा. बर्गी आल्याची आवई उठताच कोण काय घेऊन निघाले, हे तो जातवार आणि धंदेवार सांगतो. ब्राह्मण पंडित पोथ्यांचे भारे घेऊन निघाले. सोनाराने तराजू आणि वजने उचलली. कासाराने तांब्यापितळेचा माल बांधला. कुंभाराने चाक घेतले, कोळ्याने जाळी घेतली. ज्या कुलीन स्त्रियांनी कधी रस्त्यावर पाऊल टाकले नव्हते, त्या डोक्यावर गाठोडी घेऊन चालू लागल्या. शेख, सय्यद, मोगल, पठाण हेही त्याच वाटेवर होते. तलवार बांधणारा राजपूतही तलवार टाकून त्यांत मिसळला. गर्भवती स्त्रिया वाटेतच प्रसूत झाल्या. आणि या लोंढ्यातील माणसांना कोणी विचारले की, "बर्गी कोठे दिसले?" तर उत्तर मिळे की, आम्ही डोळ्यांनी पाहिले नाहीत, सगळे पळत आहेत म्हणून आम्हीही निघालो.

या वर्णनाकडे थोडे थांबून पाहावे. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घेऊन धावतो, अशी आपली समजूत असते. येथे तसे दिसत नाही. कुंभाराचे चाक ही काही हलकी वस्तू नव्हे. जिवावर बेतले असताना ते डोक्यावर घेणे हा वेडेपणा वाटेल. पण चाक असले की नदीपलीकडच्या कोणत्याही मातीत संसार पुन्हा मांडता येतो, हे त्या कुंभाराला ठाऊक होते. सोनाराने तराजू आठवणीने घेतला, कोळ्याने जाळी घेतली, पंडिताने पोथ्या घेतल्या, कारण त्याचेही पोट त्यांवरच होते. भीतीच्या त्या क्षणीही या माणसांनी उद्याचा विचार केला होता. जी साधने त्यांनी वाहून नेली, ती पाहिली म्हणजे त्यांना केवळ पळपुटे म्हणण्याची इच्छा होत नाही.

अन्नाची कथाही अशीच आहे. १७४२ च्या एप्रिलमध्ये बर्दवानपाशी नवाबाची छावणी वेढली गेली आणि रसद तुटली. तांदूळ, डाळ, तेल, तूप, मीठ हे सगळे एका रुपयाला एक शेर झाले, असे गंगाराम सांगतो. एक रुपया ही त्या काळी बंगालमध्ये मोठी रक्कम होती. सुकाळात त्यात कुटुंबाची बेगमी होत असे. तेव्हा छावणीतील लहानथोर सर्वांनी केळीचे कंद खणून, उकडून खाल्ले. केळ, अळू, कमळाचे देठ, तळ्यातील पाणवनस्पती यांवर दिवस काढण्याची विद्या बंगाली गृहिणीला मुळातच अवगत होती. केळीचा गाभा आणि केळफूल यांची भाजी आज कोलकात्याच्या घरांत आवडीने होते आणि आपल्याही घरांत ती शिरली आहे. दुष्काळात आणि दंग्यात माणसाला तारणारे हेच अन्न होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

भूगोलानेही या माणसांना काही बाबतींत मारले आणि काही बाबतींत तारले. आपल्या देशावर शेतकरी धान्य पेवात ठेवी. जमिनीखालचे पेव परक्या स्वाराला सहजी सापडत नसे. बंगालच्या ओल्या मातीत पेव खणता येत नाही. तेथे धान्य बांबू आणि पेंढ्याच्या उंच कोठारांत ठेवावे लागते. त्यास ते 'गोला' किंवा 'मराई' म्हणतात. हे कोठार दुरून दिसते आणि एका ठिणगीने पेटते. धान्य लपविण्याची सोय नाही, तेव्हा माणसाने लपणे हाच उपाय उरतो. मात्र ज्या पाण्याने पेव नाकारले, त्याच पाण्याने आसरा दिला. मराठ्यांचे बळ घोड्यांत होते. घोड्याला बंगालच्या चिखलात आणि नद्यांत गती नव्हती. नावाडी आणि कोळी यांना मात्र प्रत्येक नाला, प्रत्येक खाडी परिचित होती. पावसाळा लागला की बरेच गाव बेटासारखे होई आणि स्वारांच्या टोळ्या मुक्कामात अडकून पडत. भागीरथी ओलांडली की बव्हंशी जीव वाचे. शिवाय मातीच्या भिंती, बांबूचे वासे आणि गवताचे छप्पर असलेले घर जितक्या सहज जळते, तितक्याच सहज पुन्हा उभारता येते. पूर आणि वादळे यांच्या सवयीने या लोकांना दरसाल घर पुन्हा बांधण्याचे शिक्षण मिळालेले होते. ते या संकटात उपयोगी पडले.

राजेरजवाड्यांनीही हेच केले, फक्त मोठ्या प्रमाणावर. नवाबाचे कुटुंब पद्मेपलीकडे गोदागाडीला हलविण्यात आले. नदियाचे राजे कृष्णचंद्र यांनी बर्गींच्या भयाने शिवनिवास येथे नवी राजधानी वसविली, असे परंपरा सांगते. पण सामान्य माणसांना नवी राजधानी वसविता येत नव्हती. त्यांच्यापैकी पुष्कळांनी भागीरथीच्या पूर्वतीरावर, इंग्रजांच्या वखारीभोवती वाढत असलेल्या एका गावाचा रस्ता धरला. ते गाव म्हणजे आपले कलकत्ता.

या शहराच्या घडणीत बर्गींचा हात आहे, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. १७४२ मध्ये कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी कंपनीच्या कौन्सिलकडे एक मागणी केली: शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी द्यावी, खर्च आम्ही सोसू. कंपनीने पंचवीस हजार रुपये उसने दिले आणि रहिवाशांनी ते फेडावयाचे, असे ठरले. सात मैलांचा खंदक योजलेला होता. उत्तरेस बागबाजारपासून सुरू करून सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. त्याच्या मार्गाला हालसीबागानजवळ एक बाक आहे. अमीचंद आणि गोविंदराम मित्र या धनिकांच्या बागा आत याव्यात म्हणून तो दिला गेला, असे सांगतात. सामान्यांच्या कामातही बड्यांची सोय पाहिली जाते, ही रीत जुनी आहे! पुढे मराठे येत नाहीत असे दिसल्यावर काम थांबले. हाच 'मराठा डिच'. कलकत्तेकर गोऱ्यांना 'डिचर' हे टोपणनाव पडले ते यावरूनच.

हा खंदक मराठ्यांशी कधीच लढला नाही. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने शहरावर खरोखर हल्ला केला, तेव्हा त्या अपुऱ्या खंदकाने त्याची फौज अडविली नाही. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला आणि उरलेला तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजला. आज आचार्य जगदीशचंद्र बसू मार्ग आणि आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग या नावांनी आपण जो रस्ता ओळखतो, तो पुष्कळ अंशी त्या खंदकाच्या रेषेने जातो. बागबाजारात 'मराठा डिच लेन' ही गल्ली नाव सांभाळून आहे. लष्करी दृष्ट्या खंदक निरुपयोगी ठरला, हे खरे. परंतु नवाब दूर आहे, कंपनी आपल्या वखारीपुरते पाहते आहे, तेव्हा आपले आपणच काही केले पाहिजे, असे ठरवून वर्गणी आणि कुदळ घेऊन पुढे येणारी माणसे या शहरात प्रथम दिसतात ती येथे. पुढील शतकांत या नगरीने शाळा, ग्रंथालये, औषधालये आणि पाड्यापाड्यांतील सार्वजनिक पूजा वर्गणीतून उभ्या केल्या. त्या परंपरेच्या आरंभी या खंदकाचेही नाव घ्यावयास हरकत नसावी.

विणकरांची गोष्ट याहून बिकट होती. माग खांद्यावर टाकून नेता येत नाही. तो खड्ड्यात बसविलेला असतो. कापूस, सूत, कातणाऱ्या स्त्रिया, रंगारी, धोबी, दलाल ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी काम बंद पडते. स्वाऱ्यांच्या वर्षांत पश्चिम बंगालातील कापडाच्या आणि रेशमाच्या केंद्रांतून विणकर परागंदा झाल्याच्या, माल मिळत नसल्याच्या आणि किमती चढल्याच्या तक्रारी वखारींच्या कागदांत आहेत. व्यापाराचे नुकसान किती खोल आणि किती काळ टिकले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण स्वार परतल्यावर पुष्कळ विणकरांनी पुन्हा माग मांडले, हे उघड आहे, कारण पुढेही बंगालचे कापड जगभर जात राहिले. जे परतले नाहीत, त्यांनी नदीच्या अलीकडे नवी वस्ती केली.

ज्यांना पळता आले नाही त्यांना श्रद्धेचा आधार होता. विष्णुपूरच्या मल्ल राजांची हकीकत बंगालमध्ये सर्वांना ठाऊक आहे. १७४२ मध्ये मराठी फौज विष्णुपूरला येऊन भिडली, तेव्हा राजे गोपाल सिंह यांनी प्रजेला शस्त्राऐवजी हरिनाम घेण्यास सांगितले. लोककथा सांगते की त्या रात्री मदनमोहनाने स्वतः दलमादल तोफ डागून शत्रूला परतविले. तोफ आजही विष्णुपुरात आहे. या कथेतील चमत्कार आपण मानो वा न मानो; तटामागे रात्र जागविणाऱ्या माणसांनी आपल्या सुटकेचे श्रेय राजाला न देता देवाला दिले, यात त्यांच्या मनाची स्थिती स्पष्ट दिसते. पुढे त्या राजघराण्याला हलाखी आली आणि मदनमोहनाची मूर्ती बागबाजारच्या गोकुळ मित्रांकडे गहाण पडली, असे सांगतात. ज्या देवाने बर्गींना हटविले तो देव मराठा खंदकाच्या शेजारी येऊन राहिला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता त्या अंगाईकडे वळू. तिचे शब्द येथे देत नाही. बंगाली शेजाऱ्याकडून ती ऐकणेच उचित. तिचा आशय सर्वांना माहीत आहे. मूल निजले, आळी शांत झाली, आणि बर्गी देशात आले. पण अंगाई तेथे थांबत नाही. बर्गींनंतर लगेच चिंता येते ती पाखरांनी धान्य खाल्ल्याची आणि सारा कशाने भरावयाचा याची. हे काव्य नव्हे, हिशेब आहे. अलीवर्दीने मराठ्यांना द्यावयाच्या पैशासाठी 'मराठा चौथ' या नावाची पट्टी जमीनदारांवर बसविली होती. जमीनदाराने ती रयतेकडून काढली, हे ओघानेच आले. म्हणजे ज्याचे शेत लुटले गेले त्यानेच लुटणाऱ्याच्या खंडणीचा वाटा भरावयाचा. स्वार येतो आणि जातो. सारा मागणारा दरसाल येतो. ही गोष्ट त्या मातेला आपल्या इतिहासकारांहून अधिक चांगली कळली होती.

अंगाईच्या पुढच्या भागात, जो आपल्यापैकी थोड्यांनी ऐकलेला असतो, ती आई आणखी काही दिवसांची मुदत मागते, कारण तिने लसूण लावला आहे. मला या अंगाईत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. भात गेले, ते पुन्हा येण्यास वर्ष लागेल. लसणाला भातासारखे तुडुंब पाणी नको, मोठे शेत नको. घरामागच्या तुकड्यात तो होतो आणि बाजारात रोख पैसे देतो. लुटल्या गेलेल्या गावात, निजलेल्या मुलाच्या उशाशी बसून ती स्त्री पुढच्या पिकाची योजना करीत आहे. तिने कोणाला शाप दिलेला नाही. सूड मागितलेला नाही. मुदत मागितली आहे.

गंगारामानेही सूडाची भाषा केली नाही. त्याच्या कथेत पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शंकराच्या आज्ञेने शाहूराजाकडून ही स्वारी होते. आणि मराठ्यांनीच ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर अत्याचार केल्यावर दुर्गा भास्करपंतांवरची कृपा काढून घेते. दुर्गापूजा मांडणाऱ्या सेनापतीवर दुर्गाच रुष्ट होते. पाप करील त्याला फळ मिळेल, मग तो कोणत्याही देशाचा असो, एवढेच त्याचे म्हणणे.

आणि या बाबतीत आपल्याच घरातील साक्ष त्या कवीच्या बाजूची आहे. चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजीमहाराजांच्या नावाने गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, भाजीपाला लागेल तो बाजारातून विकत घ्यावा, रयतेच्या काडीसही हात लावू नये, नाहीतर लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. महाराजांच्या निधनानंतर जेमतेम बासष्ट वर्षांनी भास्करपंतांची फौज बंगालमध्ये शिरली. मुलांना दोन गोष्टींचा मेळ घालावयास सांगणे कठीण जाते ते आपण दोहोंना 'मराठ्यांचा पराक्रम' या एकाच सदरात घालतो म्हणून. चिपळूणच्या त्या पत्राचे माप लावले तर काटव्याची छावणी त्यात बसत नाही, आणि हे माप परक्याचे नव्हे, आपलेच आहे.

महाराष्ट्रातील रयतही अशा संकटांना अपरिचित नव्हती. औरंगजेबाच्या फौजा पंचवीस वर्षे दख्खनमध्ये होत्या. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने पुणे प्रांत लुटला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. त्या वेळी लुटणारे आणि लुटले जाणारे एकच भाषा बोलत होते. मावळातील कुणबी आणि राढ देशातील कैवर्त यांची गाठ पडली असती तर भाषेवाचूनही त्यांना एकमेकांची कथा समजली असती. एकाने पेव खणले, दुसऱ्याने होडी काढली, एवढाच फरक.

ही ओळख पटविणारी माणसे दोन्हीकडे झाली. देवघरजवळच्या करौं गावी १८६९ साली जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर हे मराठी कुळातले. पण त्यांनी लेखणी धरली ती बंगालीत. शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनावरून कलकत्त्यास येऊन 'हितवादी' पत्रात ते संपादकपदापर्यंत चढले. १९०४ मध्ये त्यांनी 'देशेर कथा' लिहून या देशातील विणकर, कारागीर आणि शेतकरी परकीय सत्तेखाली कसे नागविले गेले, ते आकड्यांसह मांडले. सरकारने १९१० मध्ये ते पुस्तक जप्त केले. ज्या विणकरांना एकेकाळी मराठी स्वारांनी उठविले होते, त्यांचीच कैफियत दीडशे वर्षांनी एका मराठी माणसाने त्यांच्या भाषेत लिहिली. देउस्करांच्याच प्रयत्नाने कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजला, रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये त्यानिमित्त कविता लिहिली आणि १९०६ च्या उत्सवास लोकमान्य टिळक आले. बर्गींची अंगाई ऐकून वाढलेल्या पिढीने शिवाजीमहाराजांना आपले म्हटले. सर जदुनाथ सरकारांनी मराठी शिकून शिवचरित्र लिहिले आणि त्याच लेखणीने बर्गींच्या अत्याचारांचे प्रकरणही निर्भीडपणे लिहिले. तरीही रियासतकार सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. सत्य सांगितल्याने मैत्री तुटत नाही, असा धडा या दोघा वृद्धांनी घालून दिला आहे.

आपल्यापैकी कोणी नोकरीनिमित्त, कोणी व्यापारानिमित्त या प्रांतात आलो. येथे आपल्याला भाड्याने घरे मिळाली, आपल्या गणेशोत्सवाला शेजाऱ्यांनी हातभार लावला, आपली मुले त्यांच्या मुलांबरोबर शिकली. ज्या घरांत आपले नाव घेऊन मुलांना निजविले जात होते, त्याच घरांनी आपल्याला आपल्या ताटाला ताट लावून जेवू घातले. याची जाणीव ठेवावयाची असेल तर ती अंगाई टाळून ठेवता येणार नाही. मुलांना ती पुरती ऐकवावी. बर्गी आल्याच्या ओळीवर न थांबता लसणापर्यंत न्यावी. आणि सुटीच्या एखाद्या दिवशी त्यांना बागबाजारच्या त्या गल्लीत नेऊन सांगावे की, येथे साध्या माणसांनी आपल्या खर्चाने खंदक खणला होता, आणि तो खणण्याची वेळ त्यांच्यावर कोणी आणली, हेही सांगावे.